वाचकांचे प्रश्न : बारीक भोकं आणि त्याहून बारीक टिकल्या

मागच्या अंकात बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मॉडेलबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं, की लोखंडी पट्ट्यांवरचे बोल्ट दाखवायला प्लास्टिकच्या टिकल्या, म्हणजे बारीक गोल चकत्या, पाडून चिकटवल्या. कशा पाडल्या ते काही लिहिलं नाही, जागा संपली होती. झालं, या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी टिकल्यांवर आणि उरलेली भोकांवर. तशी गोष्ट एकच आहे म्हणा, टिकली काढली की मागं भोक उरते आणि भोक पाडलं की हातात टिकली येते, पण दोन्हीतलं आपल्याला काय चांगलं पाहिजे ते आधी ठरवावं लागते, कारण दोन्ही एकाच वेळी चांगले क्वचितच निघतात. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न थांबले, हेच घेतले.

कारंजाकडचा एक बारावीतला विद्यार्थी लिहितो : काका, मी शकुंतलेचं, म्हणजे आमच्याकडच्या नॅरोगेज गाडीचं, जुनं वाफेचं इंजिन १:३५ मध्ये, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, करून रायलो. मी स्वतः फक्त डिझेलवाली गाडी पाहिली, तेही लहानपणी, पण आमचे आबाजी वाफेच्या इंजिनाचं इतकं सांगतात की डोक्यातून जात नाही. पत्रा म्हणून प्लास्टिक शीट वापरतो. अडचण रिव्हेटची, पत्रे जोडायच्या त्या गोल डोक्याच्या खिळ्यांची. फोटोत पाहतो तर कॅबवर, टाकीवर रिव्हेटच रिव्हेट. पंच-डायचा, म्हणजे ठोकून टिकल्या पाडायचा, सेट बाहेरून मागवायचा तर माझ्या पूर्ण मॉडेलपेक्षा महाग पडते. दुसरा काही जुगाड आहे का?

आहे, आणि तो मेडिकलमध्ये मिळतो. पण आधी माप काढू, कारण रिव्हेट मोठे झाले की इंजिनाला कांजण्या आल्यासारख्या दिसतात. मी हे केलेलं आहे, माझ्या पहिल्या इंजिनाला घरचे सगळे "देवी आलेलं इंजिन" म्हणायचे आणि ते अजून माळ्यावर तसंच पडून आहे.

गोल डोक्याच्या रिव्हेटचं डोकं त्याच्या दांड्याच्या साधारण १.६ पट रुंद असते. तू १८ मिमीचा रिव्हेट धर, डोकं झालं २९ मिमीच्या आसपास, त्याला ३५ नं भाग, आलं ०.८३ मिमी. आता इंजेक्शनची १८ गेजची सुई घे, जिचं प्लास्टिकचं बूड गुलाबी असते ती. तिच्या नळीचा आतला व्यास ०.८४ मिमी. बाप्पा, याहून जवळ अजून काय पाहिजे! सुयांच्या बुडाचे रंग ठरलेले असतात, त्यामुळे दुकानात माप विसरलं तरी रंग सांगता येते : पिवळी २० गेज, आतून ०.६० मिमी, हिरवी २१ गेज, ०.५१, आणि निळी २३ गेज, ०.३४. उद्या तू हेच इंजिन १:८७ मध्ये केलंस तर तोच रिव्हेट ०.३३ चा होते, म्हणजे निळी सुई. काही सुयांची भिंत पातळ असते, त्यांचं आतलं माप थोडं जास्त भरते, म्हणून दहा टिकल्या पाडून एका ओळीत एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, पट्टीनं लांबी मोजायची आणि दहानं भागायचं. बारीक माप मोजायचा व्हर्नियर नसलेल्यांसाठी हाच व्हर्नियर. आणि सुई नवीनच घ्यायची, पाकीटबंद. दवाखान्याच्या मागं पडलेली, गोठ्यात गायीला टोचलेली, असली कोणतीच सुई हातात घ्यायची नाही, यात जुगाड चालत नाही.

आता सुईचं टोक तिरपं असते, ते आपल्या कामाचं नाही. धार लावायच्या दगडावर किंवा सपाट काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून त्यावर सुई अगदी उभी धरून घासत राहायचं, तिरपेपणा जाऊन तोंड सपाट गोल दिसेपर्यंत. घासताना आतल्या बाजूला लोखंडाची बारीक कुसळं निघतात, ती दुसऱ्या बारीक सुईनं फिरवून काढायची. मग सुई आडवी करून, बोटात फिरवत फिरवत, बाहेरची कड तिरपी घासायची, पेन्सिल तासल्यासारखी, म्हणजे धार आतल्या कडेवर येते. हा भाग घाईत करू नको. धार बाहेरच्या कडेवर राहिली तर टिकली सुईच्या नळीत चेपून बसते आणि काठ फाटके येतात.

आणि आता ते, जे मला सगळ्यांना सांगायचं आहे, पुढच्या काही पत्रांतही हेच येणार आहे. भोक बिघडते ते खालून. वरून तुम्ही किती जोर लावता, किती महागाचं हत्यार वापरता, त्यापेक्षा शीटच्या खाली काय आहे ते पाहा. तो महागडा पंच-डाय सेट तरी काय असते, जाड लोखंडी पाट, त्यात नेमक्या मापाचं भोक, वरून पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी, म्हणजे शीट नेमकी कुठं बसली ते दिसते, आणि पंच त्या भोकात इतका घट्ट जाते की मधल्या फटीत प्लास्टिकला वाकायला जागाच मिळत नाही. सगळी किंमत त्या फटीची आहे. आपल्याकडं ती फट नाही, म्हणून आपण खालचा आधार असा घ्यायचा की सुईची धार त्यात थोडी रुतेल पण शीट खाली झुकणार नाही. स्वयंपाकघरात भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा पाट असते ना, तो उत्तम. नाहीतर बाभळीच्या किंवा सागाच्या लाकडाचं आडवं कापलेलं तोंड, ज्यावर वलयं दिसतात ती बाजू. उभ्या रेषांच्या बाजूवर पाडशील तर सुई रेषेकडं घसरते. पुठ्ठ्यावर, वहीवर, मांडीवर अजिबात नाही.

सुई उभी टेकव, दाब, दाबूनच डावी-उजवी अर्धा अर्धा वळसा दे. ०.२५ मिमीच्या शीटला हातोडी लागत नाही. टिकली नळीत अडकली तर सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर मागून घालून ढकल. पाहशील की ज्या बाजूनं सुई टेकली त्या बाजूची कड किंचित खाली ओढली जाऊन गोलसर होते, घुमटासारखी. तीच बाजू वर ठेवून चिकटव, फुकटात गोल डोकं मिळते, उलटी चिकटवशील तर वाटीसारखी दिसेल.

शीट कोणती ते तू लिहिलं नाहीस. विकतची पॉलिस्टायरीन शीट असेल तर प्रश्नच नाही. पण घरातलं प्लास्टिक वापरत असशील तर बुडाशी त्रिकोणातला आकडा पाहा, ६ असेल तर पॉलिस्टायरीन, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते आपल्या कामाचं नाही. पांढरे डिस्पोजेबल चमचे, वाट्या, ज्या वाकवल्या की काटकन मोडतात, त्या बहुतेक ६ वाल्या असतात. १ जुलै २०२२ पासून असल्या वस्तू देशभर बंद आहेत, पण आमच्याकडं एका लग्नातल्या उरलेल्या वाट्यांचं एक पोतं सापडलं आणि माझं दोन वर्षाचं काम झालं.

चिकटवायला अॅसिटोन किंवा हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर, अगदी थोडा, बारीक ब्रशच्या टोकावर. आधी पेन्सिलनं रेघ आखून ग्राफ पेपरवरून खुणा कर, प्रत्येक खुणेवर कर्कटकाच्या टोकानं हलकासा टोचा दे. मग खुणेवर थिनरचा थेंब, आणि लगेच ओल्या दातकोरणीवर उचललेली टिकली. थेंब आधी, टिकली नंतर. उलट केलंस तर थिनर टिकलीच्या काठानं वर चढते आणि डोकं विरघळून सपाट होते. खिडकी उघडी ठेव, चूल, गॅस, उदबत्ती जवळ नको.

एक सल्ला अजून, मानशील तर. सगळे रिव्हेट टिकल्यांनी करू नको, वेडा होशील. जे डोळ्यासमोर येतात, कॅबच्या बाजूचे, तेवढे टिकल्यांचे. बाकीच्यांना ०.१३ मिमीची शीट उलटी करून मागून टोचे दे, खाली जाड पुठ्ठा किंवा माऊस पॅड ठेवून, पुढून बारीक फोड उठते. टेलरकडं कापडावर खुणा करायचं दातेरी चाक असते, ते किंवा जुन्या गजराच्या घड्याळातलं दातेरी चाक पट्टीला लावून फिरवलं की अंतर आपोआप सारखं येते. इथं मात्र खालचा आधार मऊच पाहिजे, कारण इथं आपल्याला प्लास्टिक झुकायलाच हवं आहे. आबाजींना मॉडेल दाखवशील तेव्हा ते रिव्हेट मोजणार नाहीत. ते इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत ओढत राहिलं, त्यामुळं पत्रा थोडा चेपलेला, एखादा रिव्हेट गळालेला दाखवलास तर ते जास्त ओळखतील.

वणी तालुक्यातल्या एक शिक्षिका : शाळेत मुलांकडून लहान लहान मॉडेलं करून घेते. तार ओवायला अर्धा मिलिमीटरची भोकं पाडायची होती म्हणून मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडून बारीक ड्रिल बिट आणले. एका तासात सहा तुटले. मुलं जोर लावतात की बिटच वाईट होते?

ताई, मुलांना रागावू नका, बिट चांगलेच होते, नको तितके चांगले. ते सर्किट बोर्डाला भोकं पाडायचे कार्बाइडचे बिट, खालचा दांडा जाड असते ३.१७५ मिमीचा आणि वर केसाएवढं पातं. कार्बाइड कडक पण ठिसूळ, स्टँडमध्ये बसवलेल्या मशीनवर सरळ खाली जाते तोवर राजा आहे, आणि हातात धरून थोडा तिरपा झाला की गेला. हातानं करायचं असेल तर एचएसएसचे (हाय स्पीड स्टीलचे) बिट मागा, ते थोडे वाकतात पण सहज मोडत नाहीत, आणि ते पिन वाइसमध्ये धरून बोटांनी फिरवायचे. पिन वाइस म्हणजे पेनाएवढी मूठ, पुढं चिमटीसारखं तोंड, मागं फिरणारी टोपी तळहातावर टेकवायची. भिंतीचं ड्रिल मशीन याला वापरू नका, त्याच्या तोंडात एवढा बारीक बिट धरलाच जात नाही, आणि धरला तरी वेगानं प्लास्टिक वितळते, बिटवर गोळा होऊन बसते आणि पुढं भोक पडत नाही, नुसतं उकरते.

पण मी तुम्हाला एक वेगळीच गोष्ट सुचवतो, मुलांसाठी ती जास्त बरी. शिलाई मशीनच्या मोडलेल्या सुया गोळा करा, कोणत्याही टेलरकडं डबीभर निघतात, नाही म्हणत नाही कोणी. त्या सुयांवर ९०/१४ असं लिहिलेलं असते, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिमी, १००/१६ म्हणजे पूर्ण एक मिमी, ७५/११ म्हणजे ०.७५. म्हणजे ड्रिल बिटाचा सेटच झाला हा, मापासकट. सुई नाक्यापाशी मोडलेली असतेच, तिचं तोंड दोन्ही बाजूंनी घासून चपटं करायचं, छोट्या फावड्यासारखं, आणि पुढं दोन उतार काढून टोक आणायचं. वरचा दांडा जाड असते म्हणून बोटात पकडायला वेगळी मूठ लागत नाही, वाटलं तर लाकडी पेन्सिलीचं शिसं काढून त्यात ठोकून बसवा. घासताना चष्मा घालायला लावा.

भोक पाडायच्या आधी जागेवर टोचा हवाच, कर्कटकाचं टोक पुरे, नाहीतर बिट घसरून शीटवर ओरखडा काढते आणि तो रंगाखालूनही दिसते. दोन वळसे द्या, बाहेर काढा, भुगा फुंकून टाका, परत दोन वळसे. बिटाला मेणबत्ती किंवा साबण घासून घेतला की भुगा चिकटत नाही. आणि शीटच्या खाली तसल्याच प्लास्टिकचा टाकाऊ तुकडा ठेवून दोन्ही मिळून चिकटपट्टीनं बांधा. मुलं शीट हवेत धरून भोक पाडतात, मी पैजेवर सांगतो, सहा पैकी चार बिट तेव्हाच तुटले असतील, शेवटी बिट आरपार जाताना खालचा पापुद्रा एकदम फाटते, हात पुढं धडकते, आणि टक. खाली तुकडा असला की बिट आरपार गेल्याचं बिटाला कळतच नाही.

एक मिमीपेक्षा मोठं भोक हवं असेल तर बारीकानं सुरू करून वाढवा, एकदम मोठा बिट पातळ शीटमध्ये अडकून तीन कोनांचं भोक पाडते.

वरूड भागातले एक संत्रा बागायतदार : आमच्याकडं ठिबकचा पंच आहे, नळीला भोक पाडायचा. त्यातून नळीची काळी टिकली निघते, एकदम गोल. घरातला पोरगा ट्रॅक्टरचं मॉडेल करते, म्हटलं याच टिकल्या घे दिव्यासाठी. पण कशानंच चिकटत नाही, थिनरनं नाही, फेविक्विकनं नाही. काहून?

भाऊ, नळी पॉलिइथिलीनची, आणि ते प्लास्टिक कोणाशीच जमवून घेत नाही. थिनर त्याला विरघळवत नाही आणि फेविक्विक त्यावर पापुद्र्यासारखं सुकते, नख लावलं की उडून येते. म्हणून तर दोन नळ्या जोडायला तुम्ही सोल्युशन नाही वापरत, जॉइनर घालता. तेच पीव्हीसीच्या पाइपाला सोल्युशन चालते.

पण पंच चांगला आहे, तो सोडू नका. नळीच्या जागी पोराची शीट घाला. दोन गोष्टी फक्त. नळीला आतून हवा असते, पंच आरपार गेला तरी चालते, शीटला तसं नाही, खाली तो भाजीचा पाट ठेवा. आणि पंचाची धार आधी पाहा, वर्षभर बागेत वापरलेला असेल तर काठाला खाच असणारच, प्रत्येक टिकलीवर त्याच जागी दात येईल. वॉटर पेपरवर चार वळसे दिले की जाते. किती मापाची निघते ते तो दहा टिकल्यांचा हिशेब करून पाहा, पंच कंपनीगणिक वेगळे असतात.

अकोल्याकडचा एक वाचक : गरम सुईनं भोक पाडलं तर एका सेकंदात पडते. मग एवढा उपद्व्याप काहून?

पडते ना, आणि त्याच्या भोवती वितळलेल्या प्लास्टिकचा बांध पडते, तो कापायला पाच मिनिटं जातात आणि कापल्यावर भोक अंडाकृती दिसते. पॉलिस्टायरीन शंभर अंशाच्या जवळ मऊ पडते, तुमची गॅसवर लाल केलेली सुई त्याच्या कितीतरी पुढं, त्यामुळं भोक सुईपेक्षा मोठंच होणार. गोळी लागल्याचं, गंजून गेलेलं भोक दाखवायचं असेल तर मात्र गरम सुईच वापरा, तिथं तो बांध शोभते. धूर नाकात जाऊ देऊ नका.

पुसदहून एक नोकरदार वाचक : तुमचा तो पंच-डाय सेट मी ऑनलाइन मागवला, एका दुकानाकडून, नाव नाही लिहीत. पैसे बरेच गेले. आता टिकलीला एका बाजूनं शेपटी येते, आणि सगळ्यात बारीक पंच पहिल्याच ठोक्यात वाकला. दुकानवाला म्हणते तुम्ही चुकीचा वापरला. खरं काय?

दोघंही थोडे थोडे खरे असाल. शेपटी येते म्हणजे पंच आणि खालचं भोक एका रेषेत नाही, एका बाजूला फट जास्त आहे आणि प्लास्टिक तिथं कापलं न जाता ओढलं जाते. तपासायचं सोपं आहे. वरची पारदर्शक पट्टी स्क्रूनं कसलेली असेल, ते स्क्रू जरा सैल करा, सगळ्यात मोठा पंच दोन्ही भोकांतून आरपार उभा घाला, तो पट्टीला स्वतःच सरळ करते, तसाच ठेवून स्क्रू परत आवळा. मग दुसऱ्या मापाचा पंच घालून पाहा. सगळे न अडता गेले तर सेट सुधारला. एकच पंच अडला आणि बाकी गेले तर ते भोकच वाकडं पाडलेलं आहे, मग दुकानवाल्याला फोटो काढून पाठवा आणि भांडा, मीही भांडलो असतो.

वाकलेल्या पंचाचं मात्र बहुधा तुमच्याकडून झालं. बारीक पंचाला बांधकामाची हातोडी नाही चालत, सोनाराची चालते, आणि एकच ठोका, सरळ. अर्ध्या मिलिमीटरच्या पंचाखाली अर्धा मिमी जाड शीट घातली असेल तरी तो वाकते, टिकलीपेक्षा शीट जाड नको, माझा हिशेब तर असा की शीट टिकलीच्या निम्म्यानं असली तरच बारीक पंच टिकतात. आणि सेट ठेवला होता कशावर? टेबलावर, बरोबर? टेबल ठोक्याला खाली दबते. फरशीवर, जिथं खाली भराव नाही जमीन आहे, तिथं बसून ठोका. माझा सेट मी आमच्या पाट्याच्या दगडावर ठेवून ठोकतो, मिक्सर आल्यापासून त्याला दुसरं काम नाही.

तुमच्याकडं आता सेट आहेच तर एक गंमत करून पाहा. आधी मोठी टिकली पाडायची, चार मिमीची समजा, ती तिथंच पट्टीखाली चिकटपट्टीनं धरून मधोमध बारीक पंच मारायचा, वॉशर मिळते. मध्य साधणं अवघड आहे, दहातले तीन जमतात मला.

यवतमाळ जिल्ह्यातला एक डिप्लोमाचा विद्यार्थी : टिकल्या बारीक जमल्या, पण १४ मिमी, २२ मिमीच्या चकत्या पाहिजेत, ट्रॅक्टरच्या चाकांच्या रिमसाठी. एवढा पंच कुठून आणू?

एवढा पंच आणायचाच नाही. सहा मिमीच्या आसपास ऑफिसच्या फाइलचं पंचिंग मशीन चालते, ०.२५ ची शीट आरामात कापते, त्याखाली चपला-बॅगवाल्यांकडची फिरत्या तोंडाची पक्कड, दोन ते साडेचार मिमीपर्यंत. सहा मिमीपेक्षा मोठ्या चकत्या कापून नाही, ओरखडून काढायच्या.

कर्कटकाची एक बाजू वॉटर पेपरवर घासून सुरीसारखी चपटी धारदार कर. मध्ये टोचा दे, दुसरं टोक त्यात, आणि हलक्या हातानं गोल फिरव, दहा-बारा वेळा, जोर न लावता. पहिल्या फेरीत फक्त रेघ उमटते, तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून पांढरा पिळा निघायला लागते, तेव्हा समज की खरंच कापलं जाऊन रायलं. निम्म्यापर्यंत गेलं की शीट उलटी कर, टोचा आरपार गेलेला असतेच, तिथूनच मागून फिरव. दोन्ही बाजूंनी खाच झाली की बाहेरचा भाग चार ठिकाणी कापून थोडा थोडा वाकवत तोड, चकती सुटते. खाली काच ठेव, मऊ पाट नको, इथं टोक रुतलं तर मध्य सरकते.

मग कड. मधला टोचा बोल्टाएवढा वाढव, सगळ्या चकत्या त्या भोकातून एका बोल्टमध्ये ओव, नटानं आवळ, बोल्ट ड्रिल मशीनमध्ये धरून अगदी हळू फिरव, वॉटर पेपर नुसता टेकव. आठ चकत्या एकदम सारख्या होतात, एकेक घासत बसलास तर आठ वेगवेगळ्या मापाच्या होतील. वेग वाढवला की कडा वितळून एकमेकींना चिकटतात, माझी एकदा आठ चकत्यांची एक जाड चकती झाली होती.

रिमवरच्या नटांच्या जागा सारख्या अंतरावर पाहिजेत तर कागदाची चकती कापून तीनदा घडी घाल, आठ भाग होतात, उलगडून चिकटव आणि घड्यांवर टोचे दे. आणि रंगवताना मधला गोल वेगळ्या रंगाचा हवा असेल तर आईच्या कपाळाची टिकली, साधी, चमकीची नाही. सगळ्या मापात मिळते, मागं गोंद असते, रंग सुकला की काढून टाक. मास्किंगच्या गोल स्टिकरांपेक्षा हजार पटीनं स्वस्त. आईला विचारून घे.

चंद्रपूरकडून दोन ओळींचं पत्र : टिकल्या पाडतो आणि त्या उडून जातात. चिमट्यानं धरल्या की टण्णकन उडतात. वरून उन्हाळ्यात फेविक्विकही लवकर पकडत नाही. काय करू?

तुमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत, त्यात प्लास्टिकला घासलं की ते वीज धरते, टिकली बोटाला चिकटते, ब्रशला चिकटते, फक्त जिथं पाहिजे तिथं नाही. चिमटा सोडाच. ओल्या ब्रशच्या टोकानं उचला, पाण्याच्या थेंबानं टिकली शांत बसते. पाडताना शीटच्या वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून पाडा, टिकली पट्टीच्या तुकड्यासकट निघते, तो तुकडा तेवढाच वजनाला. आणि काम परातीत करा, खाली काळं कापड अंथरून, पांढरी टिकली त्यावर लगेच दिसते. कूलरसमोर बसून करू नका, हे सांगायला नको पण मी स्वतः केलेलं आहे, चाळीस टिकल्या एका झोतात गेल्या, दोन-तीन अजून कधीकधी झाडताना सापडतात.

फेविक्विकचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्याला पकडायला हवेतला ओलावा लागते, पावसाळ्यात बोटं चिकटतात आणि उन्हाळ्यात टिकली सरकत राहते ती त्यामुळंच. चिकटवायच्या जागेवर आधी आरशावर वाफ धरतो तशी तोंडानं हाऽ करा, मग थेंब. थिनरचं उलट, तो उन्हाळ्यात टिकली पोचायच्या आधीच उडून जाते, अॅसिटोन तर ५६ अंशालाच उकळते, म्हणून ते काम सकाळी सहा-सातला उरकून घ्या आणि बाटली माठाजवळ सावलीत, झाकण घट्ट. आणि हाऽ करायच्या आधी टिकल्यांच्या डबीचंही झाकण लावा.